हलगीच्या कड्यातला आरसा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट तपासणी झाल्याशिवाय आत येत नसे. दूध आलं की आबा त्यात करंगळी बुडवून नखावरचा थेंब तिरपा धरत आणि तो कसा ओघळतो ते बघत. गुळाची ढेप आली की ती आधी फुटायची आणि आतला रंग उजेडात पाहिला जायचा. रॉकेलचा वास घ्यायचा, बियाण्याची पिशवी शिवणीकडून बघायची, आणि पाहुणा येऊन गेला की पायरीवर बसून तो नेमका कशासाठी आला असेल याचा विचार करायचा. "नुसता भेटाया कोन येतं व्हय?" असं ते आईला विचारायचे. आई म्हणायची, "तुमी जाता की." "मी कवा गेलो?" असं आबा म्हणायचे, आणि ते खरं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील लूकस, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर काट्यावर उभे राहिले की आबा खिडकीतून आधी गाडीवानाचं तोंड बघायचे आणि मग काटा. गाडीवान फार गोड बोलला तर खाली उतरून मोळ्यांच्या आत हात घालायचे. आत कधी ओला चिखल निघायचा, कधी धोंडा. वर्षानुवर्षं हे काम केल्यावर गोड बोलणं आणि धोंडा यांची त्यांच्या मनात गाठच पडून गेली होती. त्यात आम्ही ख्रिस्ती. गावाचं आमच्याशी वाकडं नव्हतं, पण नाताळ जवळ आला की पारावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय लूकसभाऊ, औंदा मिशनच्या बोटीनं काय आलं का न्हाई?" बाकीचे हसायचे. आबा हसायचे नाहीत. घरी येऊन म्हणायचे, "लोक आपल्याकडं बघत्यात. मंग आपनबी बघायचं."

घर मात्र आनंदी होतं, ते आईमुळे. ती चर्चच्या आवारातली बालवाडी सांभाळायची आणि सकाळी भाकरी थापताना उपासनेतली गाणी म्हणायची. भाकरीच्या थापांचा ठेका आणि गाण्याचा ठेका कधीच जुळायचा नाही, पण तिला त्याचं काही वाटत नसे. थंडीत ती हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची. लसणाच्या फोडणीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि आम्ही शाळेतून येताना तिथेच पळायला लागायचो. हवा स्वच्छ असली की नगरच्या बाजूने तोफांच्या सरावाचा आवाज यायचा. आवाज कसला, फळीवरची ताटं एकमेकांना हळूच लागायची, एवढंच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत ताटं अशी वाजतात. मोठी माणसं मात्र तो आवाज आला की बोलायची थांबायची. सरावाचा पट्टा वाढणार, आपला माळ त्यात जाणार, अशी कुजबुज गावात सतत असायची. आमचंही थोडं कोरडवाहू रान त्याच माळावर होतं.

अशा गावात, मी नववीत असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर शिंत्रे बाई एसटीतून उतरल्या. पुण्याच्या. वय पस्तिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, केस खांद्याच्या वर कापलेले. बरोबर एक लोखंडी पेटी आणि सतरंजीत गुंडाळलेली एक लांब नळी. त्या आमच्या हायस्कूलला विज्ञान शिकवायला आल्या होत्या. आधी कुठल्याशा संशोधनाच्या ठिकाणी दुर्बिणींचं काम करायच्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. पुण्यातलं असलं काम सोडून कुणी आमच्या गावात शिकवायला येतं का? एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी आईने आमच्या पडवीच्या टोकाची, कांदे ठेवायची खोली रिकामी केली. आबा नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते विचार करून म्हणाले, "राहू दे. डोळ्याम्होरं राहील."

आणि खरोखरच त्यांनी बाईंना डोळ्यांसमोर ठेवलं. बाई सकाळी कॉफी करायच्या. तो वास आमच्या घराला नवा होता, म्हणून आबांनी आईला कॉफी चाखायला लावली. "कडू हाय," आई म्हणाली. "कडू हाय तर पेती कशापायी?" बाई संध्याकाळी अंगणात सतरंजी सोडून नळी तिवईवर लावायच्या, ती दुर्बीण आहे हे बघूनही आबांचं समाधान झालं नाही, कारण बाई तिचं तोंड माळाकडे करायच्या. शुक्र तिकडेच मावळतो, हे मी सांगितलं. "त्यो मावळतुया ते आमाला डोळ्यानं दिसतंय की," आबा म्हणाले.

पुण्यातलं काम का सोडलं, हे आईने एकदा बाईंना विचारलं होतं. "कंटाळा आला," एवढंच त्या म्हणाल्या. खरं कारण मला आजही माहीत नाही. माणूस कंटाळा आला म्हणून नोकरी सोडत नाही, हे मला आता पन्नाशीला आल्यावर कळतं. तेव्हा आबांना ते लगेच कळलं होतं.

वर्गात मात्र बाई वेगळ्याच होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला अंधार पडता पडता शाळेच्या मैदानावर बोलावलं आणि दुर्बिणीतून एक तेजस्वी तारा दाखवला. आम्हाला वाटलं होतं, काहीतरी भव्य दिसेल. दिसलं ते उकळत्या पाण्यात नाचणाऱ्या तांदळाच्या दाण्यासारखं. "बाई, तुमची दुर्बीण खराब हाय," माझी मैत्रीण प्रज्ञा म्हणाली. बाईंना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. "दुर्बीण चांगली आहे. तारा पण चांगला आहे. मग गडबड कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात शेगडी पेटवली आणि तिच्या पलीकडे खडूने एक रेघ मारलेली पाटी ठेवली. निखाऱ्यांवरून पाहिलं की रेघ गांडुळासारखी वळवळायची. ताऱ्याचा उजेड एवढ्या लांबून येतो, बाई म्हणाल्या, वाटेत त्याला काही होत नाही, आणि अगदी शेवटी, आपल्या डोक्यावरच्या या एवढ्याशा हवेत तो चुरगळतो. गरम हवा, थंड हवा, एकमेकींत मिसळणारी. मग चुरगळलेला उजेड सरळ कसा करायचा? बाईंनी आम्हाला सांगितलं की परदेशात आता मोठ्या दुर्बिणींत असा आरसा बसवायला लागलेत की जो स्वतःच वाकतो. हवेने उजेड जसा चुरगळला, त्याच्या बरोबर उलटा आरसा चुरगळायचा, म्हणजे उजेड परत नीट होतो. हवा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून आरसाही सेकंदाला शेकडो वेळा बदलतो. ते काम माणूस करू शकत नाही, संगणक करतो. "पण युक्ती काय आहे, ते आपण हाताने करून बघू शकतो," त्या म्हणाल्या.

आज मी हेच मुलांना शिकवते. माझ्या शाळेशिवाय आसपासच्या शाळाही बोलावतात. आता पडद्यावर सगळं हलतं-डोलतं दाखवता येतं आणि मुलं माझ्यासमोरच मोबाईलवर तपासून बघतात की ही बाई खरं बोलतेय का. मला त्यांचा राग येत नाही. मी अशाच घरातली आहे.

तर आरसा. त्याला चमकणारा प्लास्टिकचा पातळ कागद बाईंकडे होता, पण तो ढोलासारखा ताणून बसवायला एक पक्कं गोल कडं हवं होतं. चाळणीचं कडं वाकलं, परातीचं बसेना. प्रज्ञा म्हणाली, "आमच्या घरी हाय." दुसऱ्या दिवशी तिने हलगीचं लोखंडी कडं आणलं. तिच्या पणजोबांची हलगी. घराने बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा आजोबांनी वाजवणं सोडलं. कातडं कधीच गेलं होतं आणि कडं तेवढं माळ्यावर पडून होतं. ते द्यायला आजोबा तयार होतील का, याची तिला धास्ती होती. त्यांनी फक्त विचारलं होतं, "वाजवायचं हाय का?" ती नाही म्हणाली. "मंग ने."

कड्यावर चमकी कागद ताणला. त्याच्यामागे लाकडी फळी, फळीला सायकलवाल्याकडचे बारीक बोल्ट, बोल्टच्या टोकाला रबराचे तुकडे. बोल्ट पिळला की कागदाला मागून हळूच फुगवटा यायचा. एका डब्यात बल्ब, डब्याला सुईचं भोक, हा आमचा तारा. पुढे एक जाड भिंग. भिंगातून निघालेला उजेड आरशावर पडून समोरच्या भिंतीवर ठिपका व्हायचा. मग वाटेत बाई शाळेच्या जुन्या खिडकीची काच धरायच्या, लाटालाटांची, ही आमची वाईट हवा. ठिपका फुटून भिंतीवर पसरायचा, सांडलेल्या ताकासारखा. एकेका बोल्टपाशी एकेक जण बसायचा, प्रज्ञा भिंतीपाशी उभी राहून ओरडायची, "रूथ, थोडं आत! अजून! आता बास!", आणि ते ताक हळूहळू गोळा व्हायचं. पहिल्यांदा ते नीट जमलं तेव्हा आम्ही इतके ओरडलो की शेजारच्या वर्गातून इतिहासाचे सर काठी घेऊन आले.

त्या भिंगाचं सांगायला हवं. ते पितळी चौकटीत होतं, चौकटीवर हिरवा रंग आणि एक बाण कोरलेला. बाईंनी ते पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गात फिरवलं होतं. "हा लष्कराचा शिक्का. तोफेच्या दुर्बिणीतलं भिंग आहे. जुन्या बाजारात भंगारात मिळतं. इतकी चांगली काच नवी घ्यायची म्हटली तर मला परवडणार नाही." त्यांनी लपवलं काहीच नाही. आणखीही एक गोष्ट त्यांनी तशीच सरळ सांगितली, आणि मी ती त्या संध्याकाळी जेवताना घरी सांगितली.

"आबा, ही आरशाची युक्ती लष्कराने बरीच वर्षं लपवून ठेवली होती. आत्ता आत्ता बाहेर आलीय."

आबांचा घास हातातच राहिला. "कुठल्या लष्करानं?"

"अमेरिकेच्या. जवळ ठळक तारा नसला तर ते लेसरचा झोत वर सोडतात आणि आकाशात खोटा तारा तयार करतात. त्याच्याकडे बघून आरसा वाकवतात."

"खोटा तारा?"

"हो."

"आन हे बाईला कसं कळालं?"

"मासिकात आलंय."

"गुपित हाय म्हन्तीस आन मासिकात आलंय म्हन्तीस." आबांनी घास ताटात ठेवला. "दोन्हीतलं एक खोटं हाय."

वर्गातली सगळीच मुलं आपापल्या घरी हेच सांगत होती, आणि घरोघरी घास असेच ताटात राहत होते. खोट्या ताऱ्यापुढे भिंगाची गोष्ट मात्र कुणालाच सांगावीशी वाटली नव्हती. पण नुसत्या बोलण्यावरून गाव उठलं नसतं. त्याच महिन्यात माळावर चुना लावलेले दगड दिसायला लागले. एका ओळीत, ठरावीक अंतरावर, कुणाच्याही रानातून. एक जीप येऊन गेल्याचं मेंढक्यांनी सांगितलं. तलाठ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला माहीत नाही, आणि तलाठ्याला माहीत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? एवढ्यात पारावर कुणीतरी दगड, दुर्बीण, लष्कर आणि खोटा तारा यांची एक माळ ओवली. बाई माळाची मापं घेतात. संध्याकाळी नळीतून बघतात आणि कुठे तोफ डागायची ते कळवतात. पोरांच्या हातून यंत्र करून घेतात, म्हणजे कुणाला शंका येऊ नये.

आई म्हणाली, "आपल्या घरात राहती बाई. तुमी रोज बघता. मापं घेताना दिसली का तुमाला?"

"न्हाई दिसली," आबा म्हणाले. "त्याचंच तर मला नवल वाटतंय. मानूस इतकं बिनसंशयाचं असतंय का?"

एका रविवारी आम्ही चर्चमधून आलो तर अंगण भरलेलं. पुढे दगडूतात्या. ते पूर्वी सरपंच होते आणि माळावर त्यांचं रान सगळ्यांत जास्त होतं. ओरडणारा माणूस नव्हता तो. शांतपणे बोलायचा, म्हणून जास्त भीती वाटायची. "बाई," ते म्हणाले, "आमाला भांडान नगं. पेटी उघडून दावा. काय नसलं तर आमी माफी मागू."

बाई दारात उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा. "उघडते. पण अंगणात नाही. माझे कपडे आहेत त्यात. एका माणसाने आत येऊन बघावं."

तात्यांनी मागे वळून पाहिलं. "लूकसभाऊ बघंल. त्याच्या नजरंतून काय सुटत न्हाई." दोघं-तिघं हसले, पण कुणाची हरकत नव्हती. गावाने आबांना आयुष्यात पहिल्यांदाच पुढे केलं होतं, आणि ते त्यांच्या संशयी स्वभावामुळे. मला ते तेव्हाही समजलं, आणि थोडा अभिमानही वाटला.

आबा मला म्हणाले, "रुते, चल. बायकी कापडं तू उचल."

खोलीला अजून कांद्यांचा वास येत होता. मी साड्या बाजूला केल्या. खाली मासिकं, काचेचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कॉफीचा डबा, आणि एका जुन्या टॉवेलात ते भिंग. आबांनी टॉवेल उलगडला. हिरवा रंग, बाण, त्याखाली आकडे. ते बराच वेळ बाणावरून अंगठा फिरवत राहिले. मला त्या क्षणी कळलं की ही वस्तू अंगणात गेली तर पुढचं कुणी ऐकणार नाही. जुना बाजार, भंगार, परवडत नाही, यातलं काहीच.

"बाई, तुमी जरा पडवीत थांबा," आबा म्हणाले. बाई गेल्या. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "ह्ये काय हाय?"

"भिंग. तोफेच्या दुर्बिणीतलं."

"कुनी सांगितलं?"

"बाईंनी. पहिल्याच दिवशी. जुन्या बाजारात मिळालं म्हणाल्या."

"ही खून दावली?"

"हो. सगळ्या वर्गात फिरवलं."

"प्रज्ञा व्हती?"

"होती."

"आता तू भाईर जा. बाईला आत पाठीव."

मी पडवीत उभी राहिले. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. आबांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. हे काय आहे, कुठून आणलं, कुणाला दाखवलं. बाईंनी तीच उत्तरं दिली. मग आबांनी एक जास्तीचा प्रश्न विचारला. "ह्या खुनेवरनं लोक काय म्हन्तील, ते तुमाला कळत नव्हतं का?"

"कळत होतं," बाई म्हणाल्या. "पण मुलांना खोटं कसं सांगू?"

मग पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

आबा बाहेर आले. धोतर झटकलं. "काचा हायेत, पुस्तकं हायेत, कापडं हायेत," ते म्हणाले.

"लष्कराचं काय?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई."

मी त्यांच्याशेजारी उभी होते. गोड बोलणाऱ्यांचं खोटं आयुष्यभर पकडणारा हा माणूस, आणि त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. काट्यावरचा माणूस जसा बघतो तसे. बहुतेक ते बघणं आबांनाही जाणवलं, कारण ते लगेच म्हणाले, "पन पोरं काय शिकत्यात ते मलाबी कळाया पायजे. बाईंनी साळंत करून दावावं. समद्यांम्होरं."

आबांच्या लक्षात आलं नव्हतं की त्या प्रयोगात तेच भिंग लागतं. बाईंच्या लक्षात आलं, माझ्या आलं. दुपारी शाळेची खोली गोणपाटं लावून अंधारी केली तेव्हा बाहेर लोक जमत होते आणि आत आम्ही एकमेकींकडे बघत होतो. चौकटीवरचा रंग आणि बाण खरवडायला वेळ नव्हता. प्रज्ञाने वेणीची लाल रिबीन सोडली आणि चौकटीभोवती गच्च गुंडाळली, वर फुलासारखी गाठ मारली. लग्नातल्या हारासारखं दिसायला लागलं ते.

लोक आत आले. बाकांवर, बाकांमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर. आबा दारात उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. बाईंनी शेगडीपासून सुरुवात केली. माळावर उन्हात लांबचं झाड हलताना दिसतं, ते का, हे विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "झळा अस्त्यात." "बरोबर. ताऱ्याला पण झळा लागतात." काही माणसं हसली, आणि मला वाटलं, आता होईल सगळं नीट. तेवढ्यात तात्या उठून टेबलापाशी आले आणि भिंगाकडे वाकले. "ह्ये काय हाय?"

"भिंग," प्रज्ञा म्हणाली. "हात लावू नका आजोबा, तापलंय."

"आन रिबीन कशाला?"

"शोभेला," मी म्हणाले.

तात्यांनी हात मागे घेतला. बाईंनी लाटांची काच धरली, भिंतीवर ताक सांडलं. आम्ही बोल्ट पिळायला लागलो. माझी बोटं घामाने निसटत होती. प्रज्ञा ओरडत होती, "आत, आत, तू सोड थोडं, रूथ थांब!" आणि तो पसारा आकसत, वाकडातिकडा होत, शेवटी एका ठिपक्यावर आला. लख्ख, पांढरा.

"आन ह्येच्यानं काय व्हतं?" अंधारातून तात्यांचा आवाज आला.

"तारा नीट दिसतो," बाई म्हणाल्या.

"मंग?"

"मग काही नाही. नीट दिसतो."

"त्याच्यासाठी तुमी पुनं सोडून हितं आला?"

बाईंनी दिवा बंद केला. गोणपाट काढलं, उजेड आला, लोक डोळे चोळत बाहेर पडले. कुणी माफी मागितली नाही, पण पुन्हा अंगणातही कुणी आलं नाही. एवढी खटपट आणि शेवटी मिळायचं काही नाही, हे गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. संशय गेला नाही. त्याला फक्त बसायला दुसरं घर मिळालं. लूकसने पेटीत काहीतरी बघितलं आणि दाबलं, अशी कुजबुज सुरू झाली. का दाबलं असेल? बाई त्याच्या घरात राहते. ख्रिस्ती माणूस, त्याची नाळ कुठे आहे कुणास ठाऊक. पारावर आबा गेले की बोलणं थांबायचं. नाताळात बोटीचा विनोदही त्या वर्षी कुणी केला नाही. आबांना तो कधी आवडला नव्हता, पण तो झाला नाही हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. त्या दगडांच्या ओळीवरून एक-दोन वर्षांत विजेचे उंच मनोरे गेले. तोफांशी त्यांचा काही संबंध नव्हता. सरावाचा पट्टा वाढण्याची बोलणी त्यानंतरही कितीदा तरी उठली आणि बसली. बाई वार्षिक परीक्षा संपल्यावर दुसऱ्या शाळेत गेल्या, तिथून आणखी कुठे. प्रज्ञाचं आणि माझं अजून आठवड्याला बोलणं होतं. त्या दिवशी ती इतकं सफाईने कसं बोलून गेली, असं मी विचारते तेव्हा ती म्हणते, भिंग खरंच तापलं होतं.

पण मला आठवतो तो त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीचा एक दिवस. माळावर रान असलेली सगळी माणसं दगडांबद्दल विचारायला नगरला मोठ्या साहेबांकडे जाणार होती. जीप ठरली होती. आबांना कुणी निरोप दिला नव्हता, पण त्यांचंही रान होतं, म्हणून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि पायरीवर बसले. आईने भाकरी-चटणी बांधून दिली. जीप गल्लीच्या तोंडाशी आली, हळू झाली, आणि पुढे गेली. आत तात्या होते. त्यांनी इकडे पाहिलंही. आबा धुरळा बसेपर्यंत तसेच बसून राहिले. मग भाकरीचं फडकं आईच्या हातात दिलं आणि आईने काही विचारायच्या आत म्हणाले, "जागा नव्हती."

पडवीत बाई, प्रज्ञा आणि मी नव्या कागदाने आरसा पुन्हा ताणत होतो. बाईंच्या खोलीची खिडकी गोणपाटाने झाकलेली होती. आबा दारात येऊन उभे राहिले. बाई उठल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"ते काय हाय ते लावा," ते म्हणाले. "त्या दिशी मी दाराकडं व्हतो. मी काय बघितलं न्हाई."

आम्ही सगळं खोलीत नेऊन दिवा लावला. खोली लहान, म्हणून ठिपकाही लहान. बाईंनी काच धरली, तो फुटला, पसरला. प्रज्ञा भिंतीपाशी गेली. या वेळी ती ओरडली नाही, हळू आवाजात सांगत होती आणि आम्ही बोल्ट फिरवत होतो. बाईंनी एक बोल्ट मोकळा ठेवला आणि आबांना खूण केली. ते खाली बसले. उसाच्या मोळ्यांत घालायचे तो जाडजूड हात त्यांनी इतक्या अलगद पुढे नेला की मला हसूही आलं नाही. त्यांनी बोल्ट फिरवला. ठिपक्याची एक कड आत आली. पुन्हा फिरवला. सगळं एका जागी आलं.

"दिसलं, आबा?"

"दिसलं."

ते गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग उठले, आमच्या मागून चालत भिंतीपाशी गेले, तिच्यावरून तळहात फिरवला, आणि खोलीबाहेर पडून भिंतीच्या पलीकडे कुणी उभं आहे का, ते बघून आले.